सवाई माधवराव : एकवीस वर्षांचे आयुष्य आणि एका खिडकीचे गूढ



आम्ही हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत आयटीवाले. शारजाच्या उत्तरेला, समुद्राकाठी, १९९५ साली स्थापन झालेली ही औद्योगिक वसाहत. गोदामे, पोलादाचे कारखाने, तेलाच्या टाक्या, बंदर... आणि या सगळ्या पसाऱ्यात संगणक चालू ठेवणारे आम्ही. सर्व्हर, बॅकअप, फाटकावरचे पास, सीसीटीव्ही हे आमचे खाते. कोण किती वाजता आत आले, कुठल्या दारातून बाहेर गेले, सगळे आमच्या लॉगमध्ये सापडते. इतिहासाशी आमचा संबंध दहावीपर्यंतच, तोही मार्कांपुरता! पुढे इंजिनिअरिंगला गेलो आणि इतिहासाने आमचा व आम्ही इतिहासाचा नाद सोडला.

तो नाद परत लागला तो एका शनिवारी संध्याकाळी. टीव्हीवर शनिवारवाड्यावरचा एक माहितीपट लागला होता. आमचे चिरंजीव (वय वर्षे दहा) एरवी असल्या कार्यक्रमाला थांबले नसते. पण त्यांचा टॅब त्या आठवड्यात आमच्या कपाटात कुलूपबंद होता (कारण पुढे येईल), त्यामुळे नाइलाजाने तेही सोफ्यावर आमच्या शेजारी. पडद्यावर अंधार, मशाली, किंचाळणारे संगीत, आणि निवेदक खर्जातल्या आवाजात विचारतोय की त्या रात्री पेशव्याचा घात कुणी केला? काका मला वाचवा ही हाक झाली, मग एक तरुण खिडकीतून खाली कोसळताना दाखवला, मग परत हाक. अर्ध्या तासात सगळी सरमिसळ! शेवटी चिरंजीवांनी विचारले की बाबा, त्याला मारले कुणी? आणि हाक मारणारा मुलगा आणि खिडकीतून पडलेला मुलगा एकच का?

आम्हाला धड उत्तर देता आले नाही. सौ. ने आमच्याकडे पाहिले. म्हटले, लॉग तपासल्याशिवाय बोलायचे नाही. मग पुढचे तीन आठवडे घरातली आणि मंडळातल्या मित्रांकडची पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते चिरंजीवांना जेवताना रोज थोडे थोडे सांगितले. तेच आज तुमच्यापुढे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे ते दोघे एक नव्हेत. हाक मारणारे ते नारायणराव पेशवे, आणि खिडकीतून पडलेले ते त्यांचे चिरंजीव सवाई माधवराव. बाप आणि लेक. दोघांचाही शेवट शनिवारवाड्यातच झाला, पण मध्ये बावीस वर्षांचे अंतर. बाप गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि मुलगा गेला तेव्हा एकवीस. आज आपल्याकडे या वयाची मुले कॉलेजात असाइनमेंट कॉपी करत असतात!

गोष्ट सुरू होते ती ३० ऑगस्ट १७७३ रोजी. ऐन गणेशोत्सवाचे दिवस. पानिपताच्या पराभवानंतर मराठी राज्य पुन्हा उभे करणारे थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले होते आणि धाकट्या भावाला, नारायणरावांना, पेशवाईची वस्त्रे मिळाली होती. त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना हे पद आपल्याला हवे होते. त्या दिवशी दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसे वाड्यात घुसली आणि नारायणराव काकांच्या देखत मारले गेले. ध चा मा आनंदीबाईंनी केला की आणखी कुणी, हा वाद आजही संपलेला नाही. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला आणि पुण्याला रामराम ठोकला, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होत्या. हे लक्षात आल्यावर पुण्यातल्या जाणत्या कारभाऱ्यांनी एकी केली. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके वगैरे. हेच ते प्रसिद्ध बारभाई. राघोबादादा मोहिमेवर बाहेर पडलेले पाहून त्यांनी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित हलवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे मुलगा झाला. चुलत्याचे नाव ठेवले माधवराव. त्यांच्यापेक्षा सवाई निघावा म्हणून सवाई माधवराव. अवघ्या चाळीस दिवसांचे असताना साताऱ्याच्या छत्रपतींकडून त्यांच्यासाठी पेशवाईची वस्त्रे आली.

मंडळी, जरा कल्पना करा. चाळीस दिवसांचे बाळ, मान सावरत नाही, आणि गुजरातेपासून कर्नाटकापर्यंतचा कारभार त्याच्या नावाने चाललेला! मूल खरे नारायणरावांचे नाहीच, अशी कुजबुज करणारेही होते. राघोबादादा तर थेट मुंबईकर इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला तह करून साष्टी आणि वसई देण्याच्या बोलीवर त्यांची फौज मागितली. म्हणजे या बाळाच्या जन्मावरून एक मोठे युद्ध जुंपले. इतिहासात त्याला पहिले इंग्रज-मराठा युद्ध म्हणतात.

या युद्धातला एक प्रसंग चिरंजीवांना फार आवडला. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने निघाली. मराठ्यांनी वाटेवरची गावे ओस पाडली, दाणावैरण मिळू दिली नाही आणि वडगावला फौजेला असे घेरले की इंग्रजांना शरण येऊन तह करावा लागला. मुंबई-पुणे रस्त्यावरचे आपले वडगाव मावळ ते हेच! ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते तो पेशवा तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. शेवटी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबादादांचा हात सोडला आणि सवाई माधवराव हेच पेशवे असे मान्य केले. राघोबादादा कोपरगावला जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले.

म्हणजे आठव्या वर्षी मुलाचे पद पक्के झाले. पण तोवर घरात त्याचे असे कोण उरले होते? वडील जन्माआधीच गेलेले. आई गंगाबाई १७७७ साली वारल्या, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. सख्खे भावंड नाही. चुलत आजोबा शत्रू. उरले ते कारभारी, आणि त्यांतही हळूहळू एकच : नाना फडणवीस.

नानांबद्दल आमच्या पिढीचे मत बरेचसे घाशीराम कोतवाल या नाटकावरून बनलेले. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली रंगमंचावर आले, आणि त्यानंतर नाना म्हटले की डोळ्यांपुढे एक कावेबाज, रंगेल म्हातारा येतो. माहितीपटानेही तेच केले. नानांचा चेहरा दाखवायचा आणि खाली ढोल वाजवायचा. पण आपण जरा नानांच्या जागी उभे राहून बघू. एका पेशव्याला त्याच्याच वाड्यात, त्याच्याच पगारी पहारेकऱ्यांनी मारलेले त्यांनी पाहिले होते. त्याच्या मुलाला त्यांनी गर्भात असल्यापासून जपले. इंग्रज, निजाम, हैदर, टिपू आणि घरातले भाऊबंद, सगळ्यांना तोंड देत त्याचे राज्य एकवीस वर्षे सांभाळले. असा माणूस मुलाच्या दाराशी पहारा ठेवणारच. त्याच्याकडे कोण येते, काय बोलते, कोणता कागद पोचवते, याची खबर घेणारच. त्यात दुष्टपणा किती आणि भीती किती? आम्हाला तरी भीतीच जास्त दिसते.

१० फेब्रुवारी १७८३ रोजी थत्त्यांच्या रमाबाईंशी पुण्यात मुलाचे लग्न झाले. वय नऊ पूर्ण व्हायचे होते. हे लग्न मराठी इतिहासात गाजले ते थाटामुळे आणि नानांच्या व्यवस्थेमुळे. पाहुण्यांना कुठे उतरवायचे, पंगती कशा मांडायच्या, वाढप कसे करायचे, कुणाचा मान कसा राखायचा, सगळे लेखी! आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाची जेवणाची समिती चालवलेल्यांना नानांबद्दल इथे आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. आम्हालाही वाटला. प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात ते हेच. फक्त ज्याचे लग्न होते त्याला काय वाटले, याची नोंद त्या याद्यांत असणार नाही.

मुलगा मोठा होत होता. लेखन, हिशेब, स्नानसंध्या, घोड्यावर बसणे हे सगळे रीतसर चालू. स्वभावाने मनमिळाऊ, हौशी. प्राण्यांचे भारी वेड. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना, म्हणजे प्राणिसंग्रह, होता. त्यात सिंह होता, गेंडा होता. पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये काढलेले या गेंड्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. पुढे त्याच परिसरात पेशवे पार्क झाले. आमच्यातल्या पुणेकरांनी लहानपणी तिथली फुलराणी आणि वाघ-सिंह पाहिले असतील. प्राणी नंतर कात्रजला गेले.

इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता. त्याच्याबरोबर चित्रकार आले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नानांचे एकत्र चित्र काढले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. आम्ही ते चिरंजीवांना संगणकावर दाखवले. अठरा वर्षांचा गोरा, मऊ चेहऱ्याचा, दागिन्यांनी मढलेला मुलगा, आणि शेजारी साध्या पांढऱ्या वेषातले, उंच, काटकुळे नाना. चिरंजीव म्हणाले की मालक कोण आणि नोकर कोण ते कपड्यांवरून कळते, पण चेहऱ्यांवरून उलटे वाटते. दहा वर्षांच्या मुलाने म्हटलेले आहे, आम्ही भर घातलेली नाही!

त्याच १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरून त्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक ही पदवी आणली होती. तिचा समारंभ थाटात झाला. उत्तरेचा खरा धनी असलेला हा सरदार दरबारात मात्र नम्रपणे पेशव्यांचे जोडे हाती घेऊन उभा राहिला, असे सांगतात. पाटीलबाबा साठीचे, रांगडे, मोकळे. त्यांनी या तरुण पेशव्याला बाहेर काढले. शिकारीला नेले, रंग खेळवला, छावणीत बोलावले. वाड्याच्या भिंतीबाहेर जग असते हे मुलाला कदाचित पहिल्यांदा कळले. नानांना अर्थातच ते पसंत नव्हते. पाटीलबाबा पेशव्यांना आपल्या मुठीत घेतील ही त्यांची धास्ती. पण १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. आज वानवडीला शिंदे छत्री आहे ती त्यांचीच. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. त्याआधी १७९३ च्या आरंभी पत्नी रमाबाई वारल्या होत्या आणि लगेच दोन महिन्यांत यशोदाबाईंशी दुसरे लग्न लावले गेले. यशोदाबाई वयाने अगदी लहान. म्हणजे दोन वर्षांत बायको गेली, मोकळेपणाने बोलणारा वडीलधारा गेला, घरच्यासारखे असलेले हरिपंत गेले. पुन्हा सगळा भार नानांवर आणि सगळा पहाराही नानांचाच.

१७९५ च्या मार्चमध्ये निजामाशी चौथाईच्या थकबाकीवरून युद्ध झाले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडजवळ खर्डा आहे, तिथे ११ मार्चला लढाई झाली. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले सगळे एका झेंड्याखाली. अशी एकी त्यानंतर कधी झाली नाही. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि मोठा मुलूख, रोकड आणि आपला दिवाण मराठ्यांच्या हवाली करून सुटला. पेशवे स्वतः छावणीत होते. ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने एक हकीकत दिली आहे. सगळीकडे जल्लोष चालू असताना पेशवे उदास दिसले. नानांनी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की निजामाची फौज इतक्या सहज हरली आणि आपले लोक न लढता मिळालेल्या विजयाची एवढी फुशारकी मारतात, या दोन्हींचे वाईट वाटते. ही हकीकत खरी धरली तर या मुलाला काही समजत नव्हते, असे कोण म्हणेल? वीस वर्षांच्या मुलाला जे दिसले ते दरबारातल्या मातबरांना दिसत नव्हते. पण पुण्याला परतल्यावर त्याच्या हाती कारभार आला का? नाही.

आता येतो तो पत्रांचा प्रसंग. आणि मंडळी, इथे आमची कथा थोडी आमच्याच घरात शिरते.

राघोबादादांचे पुत्र बाजीराव हे सवाई माधवरावांपेक्षा फक्त नऊ महिन्यांनी लहान. बापाच्या अपराधापायी ते, त्यांचे भाऊ चिमाजीअप्पा आणि दत्तक भाऊ अमृतराव कैदेत वाढले आणि शेवटी जुन्नरला शिवनेरीवर ठेवले गेले. बाजीराव देखणे, तिरंदाजीत आणि घोड्यावर तरबेज, शास्त्रांत हुशार, अशी त्यांची कीर्ती पुण्यापर्यंत पोचत होती. आपल्याच वयाचा, आपल्याच रक्ताचा नातलग तीस-चाळीस कोसांवर आहे आणि आपण त्याला भेटू शकत नाही, हे पेशव्यांना लागत होते. नानांनी समजावले की बापाचे गुण मुलात उतरतात, दूर राहावे. पण बळवंतराव नागनाथ नावाच्या मधल्या माणसामार्फत बाजीरावांचा निरोप पोचला. त्याचा आशय असा की तुम्ही पुण्यात कैदेत, मी जुन्नरात कैदेत, पण मने तर मोकळी आहेत ना? पेशव्यांनी उत्तर दिले. दोघांत पत्रे सुरू झाली. नानांना कळले. बळवंतरावाला बेड्या घालून किल्ल्यावर टाकले, पेशव्यांची कडक शब्दांत कानउघाडणी झाली आणि दोन्हीकडचा पहारा आणखी आवळला गेला.

आम्ही हे जेवताना सांगत होतो. चिरंजीवांनी घास खाली ठेवला आणि ताटाकडे बघत बसले. सौ. ने आमच्याकडे पाहिले, पण या वेळी वेगळ्या नजरेने.

कारण सांगतो. आमचे आणि आमच्या दादांचे गेली चार वर्षे बोलणे नाही. गावच्या घराच्या वाटणीवरून. कोण बरोबर, कोण चूक, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबरच असतो. दादांचा मुलगा आमच्या चिरंजीवांपेक्षा वर्षाने मोठा. दोघे गेले आठ महिने टॅबवरच्या एका खेळाच्या चॅटमधून एकमेकांशी बोलत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही व्यवसायाने लॉग वाचणारे, एके दिवशी घरचा लॉग वाचला. वाटणीबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. गावच्या कुत्रीला पिल्ले झाली, अण्णांच्या जुन्या सायकलला नवी ट्यूब बसवली, असले सगळे. तरी आम्ही टॅब काढून घेतला, चिरंजीवांना दोन तास सुनावले आणि पासवर्ड बदलला. त्यांच्या भल्यासाठीच हो! नानांनीही भल्यासाठीच केले होते.

असो. परत शनिवारवाड्यात जाऊ.

१७९५ चा दसरा २२ ऑक्टोबरला होता. पेशव्यांची प्रकृती त्या आधीपासून बरी नव्हती, अंगात ताप होता. तरी ते सीमोल्लंघनाला बाहेर पडले, संध्याकाळी दरबारात बसले. तीन दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळले. गणपती रंगमहालाच्या खिडकीतून, असे परंपरेने सांगतात. खाली कारंजे होते, त्यावर पडल्याने हाडे मोडली. हरिपंतांचे पुत्र बाबा फडके यांच्यावर त्यांचा लोभ होता, ते अखेरपर्यंत जवळ होते. आपल्यामागे बाजीरावाला गादी द्यावी, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवल्याचे ग्रँट डफ सांगतो. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, कोजागिरीच्या सुमारास, सवाई माधवराव गेले. वय एकवीस वर्षे, सहा महिने.

आता चिरंजीवांचा मूळ प्रश्न : कुणी मारले?

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की आधी शक्यता लिहून काढतात आणि एकेक खोडतात. तेच करू.

पहिली शक्यता, घातपात. ढोल वाजवणाऱ्या माहितीपटाची लाडकी. पण फायदा कुणाचा? नानांची सारी सत्ता या मुलाच्या नावावर उभी होती. पेशव्यांना मूलबाळ नव्हते. ते गेले की गादीवर सर्वांत जवळचा हक्क राघोबादादांच्या मुलांचा, म्हणजे नानांनी ज्यांना कैदेत ठेवले त्यांचाच. या मृत्यूने सर्वांत जास्त नुकसान झाले ते नानांचे. ही शक्यता खोडायला हरकत नाही.

दुसरी, अपघात आणि आजार. ताप चढलेला, वात झालेला, भान नाही, अशा अवस्थेत झोक गेला किंवा भ्रमात उडी पडली. आजारपण खरे होते, त्यामुळे ही शक्यता मुळीच दुबळी नाही. बरेच मराठी अभ्यासक तिच्याकडे झुकतात.

तिसरी, आत्महत्या. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या ग्रंथात हेच लिहिले : पत्रांच्या प्रकरणानंतर मन खचले, कोंडमारा असह्य झाला आणि त्यांनी जाणूनबुजून स्वतःला खाली झोकून दिले.

दुसरी की तिसरी? वाड्याच्या प्रत्येक दारावर पहारा होता. मुलाकडे कोण आले, किती वेळ थांबले, याच्या खबरा दिवसभर नानांकडे जात होत्या. पण मुलाच्या मनात त्या सकाळी काय चालले होते, ही एकच खबर कुणीही दिली नाही, कारण ती विचारलीच नव्हती. आमच्या हमरियाच्या फाटकावरही तसेच आहे. माणूस आत आल्याची वेळ सेकंदासकट मिळते. तो कसा आहे, ते मिळत नाही. म्हणून गूढ उरले. आणि आम्हाला वाटते, ताप आणि कोंडमारा यांची अशी वेगवेगळी वाटणी करताही येणार नाही. अंगात ताप असलेल्या मुलाजवळ ज्याच्याशी मनातले बोलावे असे माणूस नसेल, तर दोन्ही एकच होतात.

पुढचे सर्वांना माहीत आहे. गादीचा घोळ वर्षभर चालला. यशोदाबाईंच्या मांडीवर चिमाजीअप्पांना दत्तक देऊन पाहिले. शेवटी १७९६ च्या डिसेंबरात बाजीरावच पेशवे झाले. ज्या नातलगाला भेटू दिले नाही, तोच त्या गादीवर बसला! पण कैदेत वाढलेल्या या मुलाला कुणावर विश्वास ठेवणे जमले नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. १८०२ च्या शेवटच्या दिवशी बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. शनिवारवाड्याचे महाल १८२८ च्या आगीत जळाले. आज तटबंदी, दिल्ली दरवाजा, नगारखाना, जोती आणि कारंज्यांच्या जागा उरल्या आहेत. दोघांना लहानपणी एकत्र वाढवले असते तर पेशवाई वाचली असती, असे आम्ही म्हणणार नाही. इतिहास असा उलटा चालवून बघता येत नाही. राघोबादादांनी नारायणरावांच्या बाबतीत काय केले ते नाना विसरू शकत नव्हते, आणि त्यांनी विसरावे असे म्हणणे सोपे आहे. पण भांडण बापांचे होते आणि पहारा मुलांवर बसला, एवढे मात्र खरे.

हे सगळे सांगून झाल्यावर चिरंजीवांना म्हटले की कुणी मारले नाही रे, पण कुणी विचारलेही नाही. ते त्यांना पटले की नाही कोण जाणे. त्यांनी उलट विचारले की पत्रे लिहिणाऱ्या दोघांची पुढे कधी भेट झाली का? एकमेकांना लिहिणारे ते दोघे एका पंगतीला जेवल्याचे काही आमच्या वाचनात आले नव्हते. तसे सांगितले.

त्या रात्री कपाट उघडून टॅब बाहेर काढला. चार्ज उतरला होता, लावून ठेवला. मग गच्चीत जाऊन दादांना फोन केला. इथे रात्रीचे दहा, तिकडे साडेअकरा. दादांना वाटले काही अघटित घडले, एकदम घाबरून विचारले की सगळे ठीक आहे ना? आम्ही म्हटले, सगळे ठीक आहे. मग पाऊस, कुत्रीची पिल्ले, वहिनींची गुडघेदुखी. घराचा विषय दोघांनीही काढला नाही. चार मिनिटे बोलणे झाले. वाटणीचा प्रश्न आहे तिथेच आहे, तो फोनवर सुटण्यातला नाही. पण पुढच्या सुट्टीत दोन्ही पोरांना शनिवारवाडा दाखवायचा असे ठरले, आणि तिकिटे आम्ही काढून ठेवली आहेत.

तुम्हीही पुण्याला जाल तेव्हा अमावस्येच्या हाका ऐकायला थांबू नका. भर दुपारी जा, मुलांना घेऊन. कारंज्याच्या जागेपाशी दोन मिनिटे उभे राहा आणि तिथे एक एकवीस वर्षांचा मुलगा राहत होता, त्याला गेंडा आवडायचा, एवढे सांगा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.